मागच्या डाव्या चाकाखाली

माय, तुझ्या अंगणात आता गाडी उभी राहते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तू मधेच उठून जाणार नाहीस. चारचाकी आहे, पांढरी, दुसऱ्याने वापरलेली, जुनी घेतलेली. तुळशीच्या अलीकडे, जिथे तू धान वाळायला टाकून कोंबड्या हाकलत बसायचीस, तिथे तिच्यासाठी टिनाचं शेड घातलं आहे. अंगणही मातीचं राहिलं नाही, सिमेंटचं केलं. धानात खडे येतात म्हणून केलं असं मी सगळ्यांना सांगतो आणि ते खरंही आहे, पण पावसाळ्यात गाडी चिखलात रुतायची हेही खरं आहे. तू असतीस तर यातलं काही झालं नसतं. तू गाडी गेटबाहेर ठेवायला लावली असतीस, मी भांडलो असतो, आणि एवढं भांडूनही गाडी गेटबाहेरच राहिली असती. मग गेल्या पावसाळ्यापासून जो वैताग मी भोगतो आहे तो निदान या घरात तरी आला नसता. लोकांना आठवण आली की ते फोटोला हार घालतात. मी चिडलो आहे, म्हणून लिहायला बसलो आहे.

वैताग ब्रेकच्या तेलाचा आहे. तुला गाडीतलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं, तरी सांगतो. पुढचं झाकण उघडलं की एक लहानशी प्लास्टिकची डबी दिसते, तीत हे तेल असतं. पायाने ब्रेक दाबला की तेल बारीक लोखंडी नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जोर पोचवतं आणि गाडी थांबते. डबीवर एक वरची रेघ असते आणि एक खालची. तेल या दोन रेघांच्या मधे पाहिजे. आमचं तेल एक दिवस खालच्या रेघेच्याही खाली गेलेलं दिसलं. मी भरलं. थोड्या दिवसांनी पाहतो तर पुन्हा खाली. पुन्हा भरलं, पुन्हा खाली. बरणीतलं तेल आपोआप कमी होत असेल तर घरात कोणीतरी खातं आहे, एवढं तुला लगेच कळलं असतं. मलाही कळत होतं. पण खातं कोण ते सापडेना, कारण गाडीखाली एक थेंब दिसत नव्हता. रोज सकाळी मी अंघोळीच्या आधी वाकून बघायचो. सिमेंट ओलं असायचं, पण ते सड्याचं ओलं, हिरवट, शेणाच्या वासाचं. तेलाचा डाग म्हणून कुठे नाही.

दुकानाच्या वाटेवर फुलचूरला एक मिस्त्री आहे. हात चांगला, तोंड त्याहून चांगलं. मी गाडी घेऊन गेलो की तो आधी एकच गोष्ट बोलतो, "भैया, पहले धुलवा लो. कीचड़ में क्या दिखेगा?" बोलणं पटण्यासारखं. दवनीवाड्याच्या रस्त्याने रोज येणारी गाडी, खालून धानाच्या बांधीच्या चिखलाने लिंपलेली. मग शेजारच्या वॉशिंगवाल्याकडे गाडी धुवायची, ती नवरीसारखी चमकून यायची, मग हा जॅक लावणार, चाकं काढणार, बॅटरी घेऊन खाली सरपटणार आणि कपडे झटकत बाहेर येणार. "कहीं लीकेज नहीं है."

"फिर तेल जा कहाँ रहा है?" मी विचारायचो.

"उड़ रहा होगा. गरमी से."

उडतं म्हणे! कापूर आहे का तो? मी बारदान्याचा धंदा करतो माय, राइस मिलवाल्यांना पोती विकतो. एखाद्या पोत्यातून धान गळालं तर मिलवाला मला धरतो. "उडून गेलं असेल" असं मी त्याला सांगून पाहिलं पाहिजे एकदा. पण इथे मी गिऱ्हाईक होतो, आणि गाडीच्या बाबतीत गिऱ्हाइकाला काही कळत नाही असं आधीच ठरलेलं असतं. त्याने मागच्या चाकांतल्या रबरी वाट्या बदलल्या. तेल कमी होतच राहिलं. मग पुढे इंजिनजवळ असतो तो मुख्य सिलिंडर बदलला. "अब टेंशन नहीं," म्हणाला. टेन्शन होतंच. मी दुसऱ्या एका गॅरेजला दाखवलं, त्यानेही आधी धुवायला पाठवलं. सगळे धुण्यात हुशार.

या सगळ्यात तू मला रोज आठवत होतीस आणि ते काही प्रेमाने नाही. मी कॉलेजात असताना जुनी मोटारसायकल आणली होती, ती तुला आठवत असणारच. तिच्या इंजिनातून तेल टपकायचं. तू पोळ्याच्या आदल्या दिवशी सगळं अंगण सारवलं होतंस, बोटांच्या ओळी अजून ओल्या होत्या, आणि मी त्यावर मोटारसायकल उभी केली. सकाळी तुझ्या सारवणात ताटलीएवढा काळा डाग. तू ओरडली नाहीस. कुदळ घेऊन बसलीस, तेल प्यालेली माती खणून काढलीस, टोपल्यात भरून उकिरड्यावर टाकलीस, नवी माती आणून भरलीस आणि पुन्हा सारवलंस. मग स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर भाताचं ताट ठेवलंस आणि वर उभी राहिलीस. "माह्या आंगनात तुह्या गाडीचं एक बी थेंब दिसलं, त गाडी बी बाहेर आन् तू बी बाहेर. समजलं?" बाबा चुलीपाशी बसून चहा पीत होते. त्यांनी माझ्याकडे पाहून डोळा मारला आणि तू वळताच कपात तोंड घातलं. दुसऱ्या दिवशी तू एक चेपलेली जर्मनची परात आणून दिलीस, गाडीखाली ठेवायला. भेट म्हणून तू मला दिलेल्या वस्तू थोड्याच, त्यातली ती एक. ती मोटारसायकल गेली, दुसरी आली, तरी परात राहिली. या वेळीही मी ती काढली आणि गाडीच्या पुढच्या बाजूला ठेवली, कारण मिस्त्री पुढचाच भाग संशयात आहे म्हणत होता. परात रोज कोरडी ठणठणीत.

मला भीती वाटत होती ती बाबांमुळे. दुकानाला मी मोटारसायकलनेही जाऊ शकतो. पण बाबांना शुगरसाठी गोंदियाला न्यावं लागतं, गुडघ्यांमुळे त्यांना बसमधे चढता येत नाही, आणि मोटारसायकलवर मागे बसवलं की ते पेंगतात. म्हणजे गाडी पाहिजेच, आणि गाडीत बाबाच बसणार. एकदा त्यांना घेऊन जाताना रेल्वे फाटक बंद होतं. पुढे धानाच्या पोत्यांनी भरलेला ट्रक उभा. मी ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय सरळ खाली गेला, काही आधारच नाही. पुन्हा दाबला, पुन्हा दाबला, हाताचा ब्रेक ओढला, तेव्हा गाडी ट्रकच्या मागे वीतभर अंतरावर थांबली. बाबांनी मान पुढे काढून ट्रककडे पाहिलं आणि म्हणाले, "लय जवळ लावली बे." एवढंच. मागचे हॉर्न वाजवत होते. डबीत तेल जवळजवळ उरलं नव्हतं. त्या दिवशी मी गाडी हळूहळू ढकलल्यासारखी घरी आणली आणि ठरवलं की हा थेंब कुठून जातो ते कळेपर्यंत बाबांना तीत बसवायचं नाही. बाबांची तपासणी पुढे ढकलली. शुगर काही पुढे ढकलता येत नाही, हेही डोक्यात होतंच.

एका ट्रकड्रायव्हरने दुकानात सांगितलं की धुणं-बिणं सोड, गाडीखाली पूर्ण पुट्ठा अंथर, सकाळी डाग बघ. इतकं साधं. मी टीव्हीच्या खोक्याचा पुट्ठा फाडून पुढपासून मागपर्यंत अंथरला. सकाळी पुट्ठा नाही. तुझ्या सुनेला विचारलं. ती म्हणाली, "बाबांनी चुलीत घातला असन. पानी तापवाले." न्हाणीघराच्या चुलीपाशी गेलो तर खरंच, पुट्ठ्याचा एक कोपरा जळायचा राहिला होता. मी बाबांना सांगितलं, बाबा, गाडीखालचा पुट्ठा उचलू नका. ते हो म्हणाले. पुन्हा अंथरला, पुन्हा गेला. तिसऱ्या वेळी बारदाना अंथरला, तो धुऊन दोरीवर वाळत घातलेला दिसला. माझं डोकं फिरलं. "बाबा, तुम्ही काऊन असं करून राहिले?" मी ओरडलो. त्यांनी इकडेतिकडे बघून मलाच गप्प राहायची खूण केली. मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट.

सड्याचं तुला माहीत नाही, ते सांगायला हवं. तुझी तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या सकाळी बाबांनी शेणाची बादली उचलली. तुझी सून धावत गेली, "बाबा, द्या, मी टाकतो सडा." त्यांनी दिली नाही. गावात बोलणं झालं. सून घरात असून सासरा सडा टाकते, असं तिच्या माहेरपर्यंत पोचलं. ती रडली. मीही बाबांना दोनदा समजावलं. पण ते तुझ्या वेळेला उठत राहिले, तुझ्यासारखा हात फिरवून सडा टाकत राहिले, सिमेंट झालं तरी टाकत राहिले. हळूहळू सगळ्यांना सवय झाली. आम्ही उठतो तोवर अंगण ओलं असतं. रोज दिसणाऱ्या गोष्टीकडे कोण बघतं? मी महिनोन्महिने त्या ओल्या सिमेंटवर वाकून तेलाचा डाग शोधत होतो, आणि हे ओलं कशाने झालं आहे याचा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. घरोघर सडा पडतो, त्यात काय बघायचं.

शेवटी एक दिवस बाबांच्या पाठोपाठ उठलो. नुकतं दिसायला लागलं होतं. ओसरीवरून पाहतो तर बाबा गाडीच्या मागच्या डाव्या चाकापाशी गुडघे टेकून बसले आहेत, ज्या गुडघ्यांनी बसमधे चढता येत नाही त्या. एका हातात राख, दुसऱ्या हातात खराटा. खाली तळहाताएवढा ओला डाग. मी धावलोच. पहिल्यांदा मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. इतके दिवस शोधत होतो ती जागा माझ्यासमोर होती. बोट लावलं, चिकट लागलं, वास घेतला, तोच. "बाबा! हेच! इथूनच जाते!" मी जोरात बोललो.

बाबांनी माझा हात धरून खाली ओढला. "हळू बोल ना बे. तुही माय उठन."

मी वळून दाराकडे पाहिलं.

"रोज सांडते तुह्या गाडीतून," ते कुजबुजत होते आणि राख चोळत होते. "तिनं पायलं त तुले ठेवन का घरात? म्हनून पुसून टाकतो मी. थे पुट्ठेबी ठेवू नको. त्यावर अजूनच दिसते."

मी तिथे सिमेंटवर बसून राहिलो. बाबांनी डाग घासला, त्यावर बादलीतलं शेणपाणी ओतलं, खराट्याने पसरवलं, आणि डाग गेला, असा गेला की मलाही पुन्हा जागा सांगता आली नसती. मग त्यांनी उरलेल्या अंगणावर सडा टाकला, तुझ्यासारखा, एका लयीत. त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. मला कोणावर चिडायचं तेच कळत नव्हतं. बाबांवर? ते मला वाचवत होते. मिस्त्रीवर चिडून झालं होतं. तुझ्यावर चिडावं तर तू नाहीस, आणि या घरात तुला जिवंत धरणारा एकटा माणूस तुला घाबरून पहाटे सिमेंट घासत होता.

गाडी फुलचूरला नेली, ती मोटारसायकलहूनही हळू. मिस्त्री सवयीने म्हणाला, "पहले धुलवा लो." मी गाडीसमोर उभा राहिलो. "नहीं धुलेगी. ऐसे ही देखो. पीछे, बायाँ चक्का." माझा चेहरा पाहून तो काही न बोलता खाली शिरला. गाडीच्या पोटाशी लोखंडी नळी एका पट्टीत अडकवलेली असते. त्या पट्टीवरचा चिखल सगळीकडे वाळलेला आणि तेवढ्याच जागी ओलसर. त्याने खरवडलं. पट्टी घासून घासून नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं, गंज आणि चिखलाने अर्धवट बुजलेलं. गाडी उभी असताना तिथून थेंब थेंब जायचं. "अरे भैया," तो खालूनच म्हणाला, "ये तेल पानी में घुल जाता है. धोओगे तो क्या मिलेगा?" माय, त्याला तिथेच त्याचा पाना फेकून मारावा असं वाटलं. हे ज्ञान त्याच्याकडे आधीपासून होतं आणि दर वेळी धुवायला पाठवणाराही तोच. नळी बदलली. मी आत बसून पाय दाबत राहिलो, तो चाकाशी बसून नळीतली हवा काढत राहिला, "दबाओ... छोड़ो... दबाओ." ब्रेक पुन्हा घट्ट लागला. तेव्हापासून डबीतलं तेल वरच्या रेघेला आहे, हललेलं नाही.

बाबांना तपासणीला नेलं. शुगरचं पाहून झाल्यावर हेही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं, असं होतं, जपा. तेल उडतं आणि माणसाचं वय होतं. मी म्हटलं, काय जपू ते तरी सांगा. त्यांनी झोपेची एक गोळी लिहून दिली, ती बाबा थुंकून टाकतात. घरी येऊन मी एकदा सरळच बोललो. "बाबा, माय नाही आता. तेरवी नाही का केली आपण?" ते माझ्यावरच चिडले. "मले माहीत नाही का? तू शिकवते मले?" आणि खरंच त्या दिवशी त्यांना माहीत होतं. संध्याकाळी तुझ्या फोटोपाशी बसून ते रडले. दुसऱ्या सकाळी पुन्हा बादली.

मला वाटलं होतं, गळती थांबली की हे निदान गाडीपुरतं तरी संपेल. उलटच झालं. आता बाबा चाकापाशी वाकून बसतात आणि त्यांना काहीच सापडत नाही. हात फिरवून बघतात, दुसऱ्या चाकाशी जातात, परत येतात. सडा टाकायचंही विसरतात. एका सकाळी ते ओसरीवर येऊन बसले. चहा दिला, घेतला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "तिनंच पुसलं असन आता. तिले समजलं." मग हातावरची राख झटकली. "म्हनून थे बोलून नाही राहिली माह्यासंग."

माय, तू गेल्यापासून तू त्यांच्याशी बोलत नाहीस, आणि त्याचं कारण त्यांना असं मिळालं. जेवण कमी झालं. बसल्या बसल्या ते मला विचारायचे, "रागावली हाये का रे? कायले पन?" पुन्हा तेच खरं सांगायचं, पुन्हा त्यांनी रडायचं, पुन्हा सकाळी विसरायचं? गाडीचं मी सगळं शोधून काढलं. हे कुठून शोधायचं, कोणती नळी बदलायची, मला कोणी सांगत नाही. इतका राग येतो की भिंतीवर डोकं आपटावं.

आता कबूल करतो ते तुला आवडणार नाही. गेल्या आठवड्यात मी बाबांच्या आधी उठलो, स्वयंपाकघरातून वाटीभर जवसाचं तेल घेतलं आणि तुझ्या अंगणात, मागच्या डाव्या चाकाखाली, स्वतःच्या हाताने सांडलं. मग दाराआड उभा राहिलो. बाबा आले, वाकले, बोट लावलं. त्यांचा चेहरा इतक्या दिवसांनी सैल झालेला पाहिला. मी मुद्दाम बाहेर आलो, जसा काही आत्ताच उठलो. त्यांनी हात हलवून मला परत पाठवलं. "पुन्हा सांडलं बे तुह्या गाडीचं. जा, तू अंदर जा. मी पुसतो. तिले नाही सांगत." त्या दिवशी ते दोन वेळा पोटभर जेवले. तेव्हापासून मी रोज सांडतो.

तर हे पत्र मी फोटोमागे ठेवणार नाही, वैनगंगेत सोडणार नाही, आणखी कुठेही नाही. आजच बाबांच्या चुलीत घालतो. तिला सांगत नाही असं बाबा म्हणाले आहेत, आणि मी मान डोलावली आहे.